शेवटच्या प्रवेशातली आई

१९ नोव्हेंबर १९३६, लोणावळे

दादामियाँ, माझे आजोबा, म्हणत, ज्या गोष्टीची लाज वाटते ती आधी लिहून काढ, म्हणजे ती मनात वाढत नाही. अक्षर त्यांनीच शिकवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत पाटीवर. शाळेत मी कधी गेले नाही. ते जाऊन चार वर्षं झाली. ही वही त्यांनी स्वतः बांधलेली आहे.

आजची लाज लहान आहे. रोजा असताना पाहुण्यांच्या चहावर मी मुद्दाम वाकले आणि वास घेतला.

पाहुणे म्हणजे नाट्यसमाजाचे लोक. अब्बांचं वह्या बांधायचं दुकान खाली, वरच्या माडीवर समाजाच्या बैठका. हौशीराम मास्तर समाजाचे मुख्य. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नेम केला आहे की दरवर्षी मावळातल्या एका नव्या माणसाचं नाटक करायचं. त्या माणसानं आधी वर्षभर पडद्याआड उभं राहून नटांना वाक्यं पुरवायची, म्हणजे नाटक कसं चालतं ते कानाला कळतं. मग आपलं नाटक तीनदा वाचून दाखवायचं आणि समाज सांगेल ते ऐकायचं.

यंदा शिदूभाऊंची पाळी. ते रेल्वेच्या इंजिनशेडात खलाशी आहेत, इंजिनांची राख काढतात. त्यांचं डोंगरातलं गाव वीस-बावीस वर्षांपूर्वी धरणात गेलं. नाटक त्याच्यावरच आहे. आज तिसरं वाचन झालं. मी दाराच्या पडद्यामागे कागद दुमडत ऐकत होते.

शेवटच्या प्रवेशात गाव उठवायला साहेब येतो. एक विधवा आई घर सारवत असते. तो विचारतो, "बाई, तुझं काही म्हणणं?" आई काही बोलत नाही, सारवत राहते. पडदा.

मास्तर म्हणाले, "शेण नको हो शिदू. सतरंजी भाड्याची आहे. हातात सूप द्या, तांदूळ निवडू दे तिला."

"बरं."

"आणि ती बोलत नाही हे कसं? लोक म्हणतील नट विसरला!" सगळे हसले. "दहा-बारा ओळी द्या तिला. टाळी घ्या की."

"ती बोलत न्हाई, मास्तर."

"पण का?"

"न्हाई बोलत."

लोक गेल्यावर माझा भाऊ नसीर म्हणाला, "त्याला जमलं नाही लिहायला, म्हणून हट्ट." मला तेच खरं वाटलं.

१७ डिसेंबर

ईद झाली. आजपासून नकला उतरवायला घेतल्या.

पूर्ण नाटक कुठल्याच नटाला देत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या वाट्याची वाक्यं तेवढी वेगळी लिहून देतात आणि वर आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळतं. तिला नक्कल म्हणतात. त्याशिवाय एक पूर्ण वही, पडद्याआडून सांगणाऱ्यासाठी. यंदा तो नसीर. तीन वर्षं हे सगळं काम माझ्याकडे आहे. मूळ हस्तलिखित मग लेखकाला परत जातं.

माझ्या उताऱ्यात आजवर एक चूक सापडलेली नाही. हे लिहिलं ते गर्वानं लिहिलं. खोडत नाही.

दुपारी मारुती आला. गुळाच्या दुकानात असतो आणि नाटकांत बायकांची कामं करतो. यंदा आई तोच. दाराबाहेरूनच ओरडला, "मदिनाताई, किती पानं भरली माझी?"

"अकरा."

"आणि शेवटच्या प्रवेशात?"

"एकही नाही."

"म्हणजे नऊवारी नेसून, दाढी दोनदा करून मी नुसते खडे काढू? लोक काय, माझे तांदूळ मोजायला येणार?"

मला हसू आलं. पण तो गेल्यावर ते रिकामं पान पुन्हा पुन्हा पाहिलं.

२७ डिसेंबर

अब्बा आंबीहून आले. तिथलं स्थळ. मुलाचं नाव महंमद. घरची भातशेती आहे, माणसं चांगली आहेत. नसीर म्हणाला, "तिथं वहीत काय उतरवशील? म्हशींची नावं?"

अब्बांनी त्याला गप्प केलं आणि मला जवळ बसवलं. ते माझ्याशी नेहमीच मायेनं बोलतात. म्हणाले, "मी शब्द देऊन आलोय. मोहरम होऊ दे, मग तारीख धरू. तुझं काही म्हणणं?"

मी म्हटलं, "नाही."

अम्मा सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. इतक्या चांगल्या बापाच्या पोटी येऊन मला आनंद का झाला नाही, याची लाज वाटते.

२९ डिसेंबर

जे केलं ते जसंच्या तसं लिहिते.

मारुतीची नक्कल पुरी करत होते. साहेबाचे शब्द लिहिले, 'तुझं काही म्हणणं?' त्याच्याखाली काही लिहायचं नव्हतं. लेखणी उचलायला हवी होती. ती उचलली गेली नाही. आई बोलायला लागली.

"सायेब, इचारायला आलात ते कागद भरून झाल्यावर. ज्याचं उत्तर तुमच्या खिशात हाय, त्यो सवाल मला कशाला? मी न्हाई म्हनलं तर पानी थांबंल का? मंग माझं व्हय तरी कशाला पायजे?" अशा चौदा ओळी झाल्या. कुठून आल्या मला माहीत नाही. मी धरण पाहिलेलं आहे, पण त्याच्याखालचं गाव पाहिलेलं नाही.

मग नसीरच्या वहीतही त्या उतरवल्या. पहिली गोष्ट भान नसताना झाली असं म्हणता येईल. दुसरी तशी म्हणता येणार नाही.

३० डिसेंबर

सकाळी पान फाडायला घेतलं. पण मास्तरांनी त्यांना सांगितलंच होतं, टाळी घ्या म्हणून. शिदूभाऊंचा फायदाच होईल. नाटक उभं राहिलं तर समाज मे महिन्यात ते इथे लोणावळ्यात करेल, हवा खायला आलेल्या मोठ्या लोकांपुढे, आणि त्यांच्याकडून पुढचं नाटकही मागेल. पडलं तर ते पुन्हा इंजिनांच्या राखेत.

असं मनाला सांगत होते तोवर मारुती आला आणि नक्कल घेऊन गेला.

२४ जानेवारी १९३७

तालमी वर चालल्या आहेत. शेवटचे तीन आठवडे लेखकाला तालमीला येऊ देत नाहीत; मास्तर म्हणतात, लेखक समोर असला की नट शब्दांना भितात. त्यामुळे शिदूभाऊ नाहीत.

आज शेवटचा प्रवेश झाला. मी खाली होते तरी मारुतीचा आवाज ऐकू आला. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून. वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. फार बरं वाटलं.

जिन्यावरून मास्तर उतरताना अब्बांना म्हणाले, "ऐकलं म्हणायचं पोरानं! किती हट्ट धरला आणि शेवटी लिहिलंच की. यालाच घडवणं म्हणतात, अल्लाउद्दीनभाई."

मी तेव्हा पुढे होऊन सांगायला हवं होतं. वह्यांची खळ ढवळत राहिले.

७ फेब्रुवारी

नवं नाटक आधी कामशेतला होतं. भाताच्या वखारीत, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, कारण डोंगरातल्या लोकांना उजेडात परतायचं असतं. लेखकानं त्या दिवशी लोकांत बसायचं, असा नेम आहे. अब्बांनी मला आणि अम्माला नेलं. बायकांची जागा पोत्यांच्या पडद्याआड होती.

माझ्या शेजारी एक काटकुळी म्हातारी बसली होती, कासोटा घातलेली. नाटकभर तिनं पापणी हलवली नाही. शेवटचा प्रवेश आला. साहेबानं विचारलं. मारुतीनं सूप खाली ठेवलं, उभा राहिला आणि बोलला.

वखार दणाणली. 'वन्स मोअर' झालं. गद्याला 'वन्स मोअर' मी पहिल्यांदा ऐकला. मारुतीनं ते सगळं पुन्हा म्हटलं. मला घाम फुटला होता आणि मी हसत होते.

तेवढ्यात मागून एका बाईनं त्या म्हातारीच्या पाठीत कोपर खुपसलं. "सारजे, तवा असं बोलली असतीस तर गाव उठलं नसतं गं!"

बायका खिदळल्या. म्हातारी मागे वळून म्हणाली, "गप ए झुंबरे." मग पदर कपाळावर ओढून माझ्याकडे पाहत राहिली. तिला कुणाला तरी सांगायचं होतं आणि मी जवळ होते. म्हणाली, "लय चांगलं बोलली बाई. मी न्हवते बोलले."

मग मला कळलं ही कोण ते. नाटकातल्या आईला नाव नव्हतं. ही आई शिदूभाऊंचीच असणार हे मला नोव्हेंबरातच कळायला हवं होतं. बहुतेक कळलंही होतं.

शिदूभाऊंना हार घालायला वर बोलावलं. चोरी करताना पकडलेल्या माणसासारखे ते आले. मास्तरांनी पाठ थोपटली. हार काढून त्यांनी हातात धरला आणि उतरताना तो साहेबाच्या खुर्चीवर ठेवून गेले.

९ फेब्रुवारी

शिदूभाऊ दुकानात आले होते. मी आतल्या दारात होते.

अब्बा म्हणाले, "या लेखक! काय टाळ्या!"

"त्या मास्तरांच्या, चाचा. मला काय, समाजानं चान्स दिला. समाजाला पायजे ते त्यांनी घातलं."

अब्बांना तो विनय वाटला. शिदूभाऊ समजतात की मास्तरांनी लिहिलं, मास्तर समजतात की शिदूभाऊंनी. दोघांनाही एकमेकांना विचारायचा संकोच. मधे मी.

जाताना शिदूभाऊ म्हणाले, "मास्तर फुडलं नाटक लिव म्हनत्यात. अशीच भाषनं घाल म्हनत्यात. मला न्हाई येत तसं."

२३ फेब्रुवारी

बकरी ईद गेली. नमाजात लक्ष नाही. मारुती बाजारात ती वाक्यं म्हणत फिरतो, गिऱ्हाइकं त्याला म्हणायला लावतात. नसीर म्हणाला, शिदू शेडातून सुटला की आता समाजाकडे फिरकत नाही.

अम्मानं विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, भूक नाही. तिनं आणखी काही विचारलं नाही. ती विचारत नाहीच.

२० मार्च

आज सारजाबाई आल्या.

मागच्या दारानं आल्या, पदरात हिरवी करवंदं बांधून. गाव गेल्यापासून त्या कान्ह्याला राहतात, दुसऱ्यांच्या भाताला जातात. मला म्हणाल्या, "तू पुस्तकवाल्याची पोरगी नव्हं? माझ्याजवळ बसली हुतीस. नाटकाच्या वह्या तूच लिवतीस म्हनं?"

"हो."

"मंग ते बोलनं मला शिकव."

मला कळेना.

"पाण्यावर गेले की समद्या म्हनत्यात, सारजाबाई, बोल की त्या सायबाला. मी म्हनते ध्यानात न्हाई. मंग हसत्यात. आधी मला मुकी म्हनायच्या, आता म्हनत्यात बोलकी हाय पन इसरली. तोंडपाठ करते मी. शिदूला सांगू नगं."

नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. मी एकेक वाक्य सांगायला लागले. "सायेब, इचारायला आलात ते..." त्या मागून म्हणत. करवंदांचे देठ काढत डोळे मिटून म्हणत. 'खिशात'च्या पुढे काही केल्या जाईनात. चारदा अडल्या. पाचव्यांदा स्वतःच हसल्या. "या वयात मास्तरीण भेटली मला! सांग परत."

सहाव्यांदा मला सांगता आलं नाही. रडायला लागले आणि बोलून टाकलं. हे शिदूभाऊंनी लिहिलेलं नाही, मास्तरांनीही नाही. मी लिहिलं. तुम्हाला शब्द सुचले नसतील, तुम्ही भ्याला असाल, असं वाटून लिहिलं.

त्यांचे हात थांबले नाहीत.

"तू लिवलंस?"

"हो."

"तवा कुटं हुतीस तू?"

"जन्मले नव्हते."

"मंग तुला काय ठावं?" आवाजात राग नव्हता. माझं नाव विचारावं तसं विचारलं. मग म्हणाल्या, "भ्याले न्हवते मी. त्यो म्हनला, बाई, तुजं काय म्हननं. आता त्यो माझा कोन? दीर का भाऊ? भांडायचं तर आपल्या मानसासंगं भांडतो आपुन. परक्याला कशापाय सांगायचं आपल्या पोटातलं? माझं घर सारवायचं ऱ्हायलं हुतं. सारवत ऱ्हायले."

"पण घर तर पाण्यात जाणार होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच लहान आहे. "म्हनून काय तसंच पारुसं धाडायचं?"

अम्मा चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती उठली आणि सारजाबाईंपुढे चहा ठेवला, आपल्या स्वतःच्या कपात.

जाताना सारजाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मंग. लय लांबडं हाय ते." करवंदं इथेच राहिली. त्यांच्याकडे पाहवत नाही.

२२ मार्च

सांगितलं.

अब्बांना आधी. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि शिदूभाऊंना निरोप धाडला. शिदूभाऊ शेडातून तसेच आले, हात काळे. अब्बा म्हणाले, "तूच सांग." मी दारात उभी राहून सांगितलं. पायांकडे बघत सांगितलं.

"तुमी?" ते म्हणाले. "दीड म्हयना झाला, मी मास्तरांना मनातल्या मनात शिव्या देतोय."

अब्बांना हसू आलं असावं, खोकले.

"चांगलं लिवलंय," शिदूभाऊ म्हणाले. "तीच तर पंचाईत. वाईट असतं तर कुनी टाळी दिली नसती, न् मी मास्तरांशी भांडलो असतो. आईनं घरी येऊन इचारलं मला, तू मला कशाला बोलती केलीस रं? मी म्हनलो, नाटकात तसं लागतं." मग म्हणाले, "तुमाला बोलायचं हुतं तर तुमच्या आईला बोलती करायची. माझ्या आईला कशापाय?"

याचा अर्थ मला नीट कळला नाही. माझी अम्मा मुळातच अबोल आहे, तिला बोलण्यासारखं काय असणार? पण ते वाक्य कानातून जात नाही.

२५ मार्च

माडीवर बैठक. मला वर बोलावलं. समाजाच्या बैठकीत मी पहिल्यांदाच पडद्याबाहेर बसले, तेही अशा कामासाठी.

मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "समाज नव्या लेखकाला वर्षभर उभा करतो, ऐकतो, सांगतो, आणि नकला उतरवणारी पोरगी त्याचं नाटक फिरवते? उद्या पडदा ओढणारा नवा अंक लिहील!" मी मान खाली घातली. मग ते शिदूभाऊंकडे वळले. "पण शिदू, चूक झाली तरी टाळी खरी आहे. मे महिन्यात मुंबईची माणसं पुढे बसणार. भाषण तसंच ठेव. तुझंच नाव होईल."

"टाळी तुमी ठेवा, मास्तर. नाटक मी घेऊन जातो."

"म्हणजे?"

"म्हंजे करू नगा."

तीन वाचनं, वर्षभराची मेहनत, सगळं जात होतं, आणि ते माझ्यामुळे. मारुती हळूच म्हणाला, "माझी नऊवारी विकत आणलीय हो."

मग अब्बा बोलले. समाजात ते फक्त जागा देतात, एरवी मत देत नाहीत. "मास्तर, माझ्या पोरीनं एक घातलं. तुम्हीही एक काढलं होतं. मला आठवतंय, बाई घर सारवत होती. तुम्ही तिच्या हातात सूप दिलंत. शिदू तेव्हा नुसतं 'बरं' म्हणाला. दोघांनी दोन्ही परत करा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी सतरंजीसाठी म्हटलं होतं," म्हणाले. मग, "बरं."

मारुतीची नक्कल मीच पुन्हा लिहायची, आणि त्यानंतर समाजाचं काम माझ्याकडे नाही. हे न्याय्य आहे.

४ एप्रिल

नक्कल लिहिली. 'तुझं काही म्हणणं?' त्याच्याखाली लिहिलं, सारवत राहते. उरलेलं पान कोरं सोडलं. नेहमी चौदा ओळी लिहायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला.

मारुती नक्कल घ्यायला आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. अंगणातून मात्र ओरडला, "शेण मी कालवणार नाही! आधीच सांगतो!"

९ मे

लोणावळ्याचा प्रयोग झाला.

सतरंजी गुंडाळली होती. शिदूभाऊंनी घमेलं भरून माती आणि शेण आणलं. मारुतीनं नाक मुरडलं, मग मास्तरांनी त्याच्यादेखत स्वतःचा हात घमेल्यात घातला, तेव्हा तो गप्प झाला.

साहेबानं विचारलं. मारुती सारवत होता. खुर्च्यांवरच्या एका बाईंनी रुमाल नाकाला लावला. कुणीतरी हसलं. एक गृहस्थ पडद्याआडच्या नसीरला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, सांग त्याला पुढचं!" मारुती सारवतच राहिला. त्याचा हात लवकर उरकायला बघत होता हे मला दिसत होतं. मागे उभे असलेले डोंगरातले लोक हलत नव्हते.

सारजाबाई माझ्याजवळ होत्या. मला वाटलं त्या रडत असतील. त्या पुढे वाकून बघत होत्या. माझ्या दंडाला धरून कुजबुजल्या, "कोपरा ऱ्हायला त्याचा. त्यो बघ, डावीकडला."

पडदा पडला. टाळी तुरळक. 'वन्स मोअर' नाही. पुढच्या रांगेतले उठून गाड्यांकडे गेले. मास्तर एकटेच खांबाला टेकून उभे होते. शिदूभाऊ त्यांच्याजवळ गेले, आणि मास्तरांनी खिशातला तंबाखू पुढे केला.

शिदूभाऊंचं नाव झालं नाही. मुंबईच्या कुणी विचारलं नाही. माझी चौदा वाक्यं ठेवली असती तर विचारलं असतं, हे मला अजून वाटतं. याचीसुद्धा लाज लिहून ठेवते.

११ मे

सकाळी अब्बा चप्पल घालता घालता म्हणाले, "आंबीची माणसं रविवारी येतायत. तारीख धरून टाकू. तुझं काही म्हणणं?"

अम्मा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मी भांडले.

काय बोलले ते नीट आठवत नाही. आवाज फाटला होता. शब्द देऊन आल्यावर विचारता कशाला, असं म्हटलं. ते एक वाक्य बरं होतं. मग नसीरला नाटकं बघायला पुण्याला धाडता आणि मला कामशेतला पोत्याआड बसवता, हे काढलं. दादामियाँ गेल्यावर माझी पाटी गिऱ्हाइकाच्या पोराला देऊन टाकलीत, हेही काढलं, त्याचा इथे काय संबंध? आंबीला जाणार नाही म्हटलं, आणि लगेच, गेले तर वह्या घेऊन जाईन, असंही म्हटलं. दोन्ही एका दमात. त्यातलं एकही वाक्य नाटकात घालण्यासारखं नव्हतं. एवढ्या मायेच्या माणसावर मी ओरडले, आता माझी मान वर होत नाही.

"मी शब्द दिलाय," अब्बा एवढंच म्हणाले आणि दाराकडे वळले.

अम्मानं सूप खाली ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "तिचं संपलं नाही. आणि तिच्यानंतर मला बोलायचंय."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी चप्पल काढली आणि परत आत येऊन बसले.